यूट लोकांच्या वाटा

डेन्व्हर, कोलोराडो

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, इथल्या डोंगरांत पूर्वी कोण राहायचं, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

हा मुलूख यूट लोकांचा, म्हणजे इथल्या एका मूळनिवासी जमातीचा. हिवाळ्यात वर बर्फ साचलं की त्यांचा मुक्काम अनकम्पाग्रे, गनिसन अशा नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत. बर्फ वितळायला लागलं की एकेक कुटुंब वर सरकायचं, कारण हरणं आणि एल्कही तेव्हाच वर चढतात. उन्हाळाभर उंचावर शिकार, यांपा नावाच्या रानवनस्पतीची कंदं, रानफळं. थंडीची चाहूल लागली की पिन्यन पाइनच्या बिया गोळा करत पुन्हा खाली. दिवाळीनंतर आपल्या रानात मेंढरं बसवणाऱ्या धनगरांना पाणी-चारा जसा तोंडपाठ असायचा, तसंच हे. याला भटकणं म्हटलेलं मला मुळीच आवडत नाही.

ग्रेट सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांजवळ त्यांनी साल काढलेले जुने पाँडेरोसा पाइन मी पाहिले. वसंतात झाडात रस चढला की बाहेरची साल सोलून आतली गोडसर साल खायची, औषधालाही वापरायची. खोडावरचा तो भाग अजून उघडा, गुळगुळीत आहे; दोन्ही कडांनी नवी साल जाड ओठांसारखी वळून आलीय. पट्टी एकाच बाजूची काढलेली, सगळा वेढा नाही. म्हणून तर झाडं अजून जिवंत आहेत!

१८७३ मध्ये सोन्या-चांदीच्या खाणींपायी सॅन वॉनचे डोंगर त्यांच्याकडून गेले. पुढे व्हाइट रिव्हरच्या यूटांवर नेमलेला सरकारी एजंट नेथन मीकर हट्टाला पेटला : एका जागी बसा, शेती करा. त्याने त्यांच्या घोड्यांचं कुरण नांगरायला घेतलं आणि १८७९ मध्ये भडका उडाला. त्यात तोही मारला गेला. १८८१ मध्ये व्हाइट रिव्हर आणि अनकम्पाग्रेच्या यूटांना सैन्याच्या पहाऱ्यात यूटा प्रांतात हलवलं. कुठल्या महिन्यात कुठे काय मिळतं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेल्या माणसांकडून त्या जागाच काढून घेतल्या. वाचताना मला फार राग आला.

पण ते संपलेले नाहीत. इग्नासिओला सदर्न यूट लोकांचा अस्वल-नाच मे महिन्याच्या शेवटी असतो. खाचा पाडलेल्या काठीवर दुसरी काठी घासून गुरगुरल्यासारखा ठेका धरतात, आणि आई, नाचाचा जोडीदार बायका निवडतात! तुम्ही एप्रिलमध्ये येऊन मेअखेरपर्यंत राहिलात तर आपण नक्की जाऊ. गाव साडेसहा हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा बाबा, बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

तुमची,
मनू