क्लाइंबिंग वॉलवाल्या ताईंना जाहीर आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभ नको, हारतुरे नकोत आणि भाषणं तर अजिबात नकोत, असं तुम्ही जिमखान्यात सगळ्यांना बजावून ठेवलंय. तुमचा शब्द आम्ही मोडणार नाही. पण तुम्ही नाशिकला गेल्यावर जूनमध्ये कॉलेजात नव्या मुली येतील. ही क्लाइंबिंग वॉल, म्हणजे चढाईच्या सरावाची भिंत, इमारतीबरोबरच बांधलेली असेल असं त्यांना वाटेल. तसं वाटू नये म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आपलं सोलापूर सपाट. किल्लासुद्धा भुईकोट. सह्याद्रीचे कडे गाठायचे तर पुण्याच्या पलीकडे जावं लागतं, आणि त्यासाठी मुलींना किती घरांतून परवानगी मिळते ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा गावात तुम्ही प्राचार्यांकडे जाऊन जुन्या बॅडमिंटन हॉलची मागची भिंत मागितलीत. तेव्हा त्यांना सांगितलेली लीड्स विद्यापीठाची हकिकत तुम्ही नंतर आम्हालाही सांगितलीत. डॉन रॉबिन्सन हे तिथले शारीरिक शिक्षणाचे अध्यापक. 1964 साली त्यांनी विद्यापीठाच्या एका कॉरिडॉरच्या भिंतीत दगड बसवून घेतले आणि मुलं तिथे चढाईचा सराव करू लागली. इनडोअर क्लाइंबिंगच्या अगदी सुरुवातीच्या भिंतींपैकी ती एक. "त्यांचं बोळात भागलं, आपल्याकडे तर अख्खा हॉल आहे," असं तुम्ही म्हणालात आणि परवानगी घेऊनच बाहेर आलात.

पुढची धावपळ आम्ही लांबून पाहिली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून लोखंडी फ्रेम करून आणलीत, त्यावर 18 मिमीचा प्लायवूड चढवलात, बोल्ट बसावेत म्हणून मागून टी-नट ठोकलेत. होल्ड, म्हणजे हातापायांसाठीच्या पकडी, पुण्याहून मागवलेत. उंची साधारण चार मीटर, दोर नाही, खाली जाड फोमच्या गाद्या.

पहिल्या तासाला आम्ही सगळ्या चढायला आतुर होतो आणि तुम्ही आम्हाला फक्त पडायला शिकवलंत. दोन्ही पायांवर उतरायचं, गुडघे सैल ठेवायचे, पाठीवर लोळण घ्यायची, हात छातीशी धरायचे. मागे हात टेकवला की मनगट जातं, हे तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. माझी आई हॉलमध्ये आली होती तो दिवसही आठवतो. "पडली तर?" एवढंच तिनं विचारलं. तुम्ही तिला समजावत बसला नाहीत. चप्पल काढायला लावलीत, गादीवर उभं केलंत आणि म्हणालात, "काकू, इथं पडायचं. उडी मारून बघा." आईनं खरंच उडी मारली. नंतर तिनंच सोलापुरी चादरीच्या उरलेल्या तुकड्यांच्या चॉकबॅगा, म्हणजे बोटांना लावायच्या पांढऱ्या पावडरीच्या पिशव्या, शिवल्या. आज आमच्या बॅचमधल्या प्रत्येकीच्या कमरेला त्या असतात.

पण ताई, मला आभार मानायचे आहेत ते मुख्यतः तुमच्या रूट लावण्याबद्दल, म्हणजे होल्ड बसवून भिंतीवर चढाईच्या वाटा आखण्याबद्दल.

माझी उंची चार फूट दहा इंच. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, जिथे गेले तिथे "जरा उंच असतीस तर" हे ऐकत आले. इथेही तेच होणार असं मी धरून चालले होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, भिंतीवर रंगीत होल्ड ठोकले की झालं. प्रत्यक्षात एकेक रूट लावताना तुम्ही दोन-दोन तास स्टुलावर उभ्या असायचात, खिशात बोल्ट पिळायची अॅलन की, तोंडात टेप. होल्ड पाच अंश फिरवायचा, चढून बघायचं, उतरायचं, पुन्हा फिरवायचा. तुम्ही चांगल्या उंच. तुमचा हात जिथे सहज जायचा तिथे माझा जाणारच नव्हता. म्हणून रूटला ग्रेडची, म्हणजे तो किती अवघड याची, चिठ्ठी लावण्याआधी तुम्ही मला हाक मारायचात, आणि मी जिथे अडकेन तिथे गप्प उभ्या राहून बघायचात. मग होल्ड जवळ न आणता खाली एक बोटभर पायरी लावायचात. पाय कमरेपर्यंत वर घ्यायचा, कंबर भिंतीला चिकटवायची आणि मग उठायचं. रूट तेवढाच अवघड राहायचा, फक्त माझ्यासाठीही वाट निघायची. आणि उंच मुलांना ज्यात अंग मुडपून घ्यावं लागेल असे बसून सुरू होणारे रूटही तुम्ही मुद्दाम लावलेत. तेव्हा पहिल्यांदा ती मुलं मला विचारायला आली, "हे कसं केलंस?"

हे साधं काम नाही, हे मला पॅरिस ऑलिंपिक बघताना कळलं. 2024 च्या क्लाइंबिंगच्या महिला अंतिम फेरीत जपानच्या आई मोरी या खेळाडूला, उंची 154 सेंटिमीटर, पहिल्या बोल्डरची (दोराशिवाय चढायच्या छोट्या रूटची) सुरुवातीची पकडच गाठता आली नाही. त्यावर तिला शून्य गुण. त्याच फेरीत लीड प्रकारात, म्हणजे दोर लावून उंच चढण्यात, मात्र सगळ्यांत जास्त गुण तिचेच, आणि एकूण क्रमांक चौथा. हॉलमध्ये आमचं त्यावर कडाक्याचं भांडण झालं. ताकदीनं उडी मारून पकड घेणं हाही खेळाचाच भाग, असं काहींचं म्हणणं. तुम्ही दोन्ही बाजू ऐकून घेतल्यात आणि म्हणालात, स्पर्धेत रूट लावणाऱ्याला श्रेष्ठ कोण ते निवडायचं असतं, कॉलेजात शिकवायचं असतं, त्यामुळे इथे पकड हाताला लागलीच पाहिजे. मला स्पर्धेतही ते चूकच वाटतं. पण तुमच्या वाक्याचा दुसरा भाग मी गाठ मारून ठेवलाय.

अमेरिकेत एमएस करताना तुम्ही विद्यापीठाच्या रिक्रिएशन सेंटरमध्ये संध्याकाळी काम करायचात. तिथे दोराची उंच भिंत होती. आठाची गाठ आणि बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं) यांची परीक्षा दिल्याशिवाय कुणालाच दुसऱ्याचा दोर धरू देत नसत. नवशिक्यांचे वर्ग, फक्त मुलींची संध्याकाळ, दर थोड्या आठवड्यांनी सगळे होल्ड उतरवून, धुऊन नवे रूट, आणि महिनाभराची चॅलेंजेस. त्यातलं आपल्याला झेपेल ते तुम्ही आणलंत आणि सोलापूरचं करून टाकलंत. उन्हाळ्यात दुपारी हॉल तापतो, घामानं बोटं निसटतात, चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट कितीही लावलं तरी उपयोग नसतो, म्हणून मार्चपासून बॅच सकाळी सहाला. मुलींची संध्याकाळ गुरुवारी, अंधार पडायच्या आत घरी पोचता येईल अशी.

आणि कळसूबाई चॅलेंज! कळसूबाई 1646 मीटर, आपली भिंत चार मीटर, म्हणजे पाच जणांच्या गटानं मिळून 412 वेळा माथा गाठायचा. गटात निदान दोघं अगदी नवी हवीत. सोपा पिवळा रूट असो की सगळ्यांत अवघड काळा, मोजणी सारखीच. वरून उडी मारली तर ती खेप धरायची नाही, चढलो तसं उतरायचं. या एका नियमानं आमचे पाय सुधारले, कारण उतरताना पायाकडे बघावंच लागतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आली आणि हॉल ओस पडला, तर तुम्ही खेपांचा तक्ता तसाच ठेवून स्वतः नंदीध्वज बघायला गेलात. परत आल्यावर कुणालाच मागे पडल्यासारखं वाटलं नाही. शेवटच्या आठवड्यात चांगले चढणारे लोक स्वतःची खेप सोडून नव्या मुलांना खालून "डावा पाय, डावा पाय" ओरडत होते. त्यांना ते करायला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही नियमच असे केले होते की त्यांना नव्यांची गरज पडावी.

तुम्ही गेल्यावर गुरुवारची बॅच मी घेते आहे. अॅलन कीचा संच आणि रूटची वही माझ्याकडे दिलीत, वहीत कुठल्या मुलीला कुठे पाय पुरत नाही याच्या नोंदीसुद्धा आहेत. जूनमध्ये सगळे होल्ड उतरवून धुणार आहोत आणि पहिल्यांदाच आमचे आम्ही रूट लावणार आहोत. एक अडचण आत्ताच दिसते आहे: माझ्या उंचीनं लावलेले रूट उंच मुलांना नीट जमतात का, हे मला कळणार नाही. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरला याल तेव्हा एक सकाळ आमच्यासाठी राखून ठेवा. निळ्या रूटवर तुम्ही चढून बघेपर्यंत मी त्याला ग्रेडची चिठ्ठी लावणार नाही. आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवली आहे, निघण्याआधी घरी येऊन घेऊन जा.

तुमची,
गुरुवारच्या बॅचमधली सगळ्यांत बुटकी