शेजारच्या काकूंस, भातलावणीच्या राहिलेल्या हिशेबाबाबत

तीर्थस्वरूप काकूंस,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हांला वाचून दाखवील, तेव्हा "एवढ्याशा गोष्टीचं काय लिहायचं?" असे तुम्ही म्हणाल, हे ठाऊक असूनही लिहीत आहे.

2019 च्या मे महिन्यात डोंबिवलीचे बिऱ्हाड आवरून आम्ही दापोली तालुक्यातील सासऱ्यांच्या घरी राहायला आलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात पाण्याची ददात असेल, असे मला वाटले नव्हते. जांभ्या दगडातून पाणी पाझरून जाते आणि उन्हाळा सरताना विहिरीचा तळ दिसू लागतो, हे पंप नुसताच घरघरू लागल्यावर कळले. त्या दिवशी तुम्ही आमची कळशी उचललीत आणि तुमच्या रहाटावर नेऊन ठेवलीत.

जुलैत लावणीला माणसे मिळेनात, म्हणून मी तुमच्याकडे मजुरीचा दर विचारायला आले. तुम्ही दर सांगितला नाहीत. "उद्या तू माझ्या शेतात ये, परवा आम्ही तुझ्या येऊ," एवढेच म्हणालात. एका चुडात, म्हणजे एका जागी रोवायच्या जुडीत, दोन-तीनच रोपे लावावीत, ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस मी आधीच वाचून ठेवली होती (शहरातून आलेली माणसे आधी वाचतात). प्रत्यक्षात माझ्या हातची रोपे थोड्याच वेळात पाण्यावर तरंगू लागली. मुळे चिखलात दाबून बोटे अलगद सोडवून घ्यायची असतात आणि मी हात ओढताना रोपही ओढत होते. बायकांसमोर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. सुटलेली रोपे माझ्यामागे पुन्हा रोवत राहिलात आणि न्याहारीला तांदळाची भाकरी हातावर ठेवताना माझा अंगठा धरून तो कसा दाबायचा, ते दाखवलेत.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात तुमचीही कौले उडाली होती, तरी दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा आमच्या छपरावर ताडपत्री बांधत होता. त्याविषयी लिहू लागले, तर हे पत्र आवरणार नाही.

गावच्या रिवाजाप्रमाणे दिवसाला दिवस फिटतो. पहिल्या वर्षीचा माझा दिवस मात्र तुम्ही पुरा धरलात, जो खरे पाहता अर्धाही भरला नसता. ती बाकी माझ्याकडे आहे. यंदा खालच्या खाचरात लावणी धराल, त्या दिवशी रोप काढायला मी पहाटेच येईन. नातीकडून निरोप तेवढा धाडावा.

तुमची,
शेजारची सून