दारू सोडायला निघणाऱ्यांना वाटखर्च हवा आहे

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्यातले चाकरमानी यांना सप्रेम नमस्कार.

देवळाच्या जीर्णोद्धाराला, शाळेच्या पत्र्यांना, शिमग्याच्या पालखीला तुम्ही सढळ हाताने दिलंत. या वेळचं काम असं आहे, की त्याची पाटी कुठे लागणार नाही आणि पैसे कोणावर खर्च झाले तेही तुम्हाला कळणार नाही. दारू सुटावी असं मनातून वाटतं, पण दवाखान्याची पायरी चढवत नाही, अशी माणसं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. त्यांना तिथवर पोचवायला व्यसनमुक्ती समितीला निधी हवा आहे. त्याहून जास्त, माणसं हवी आहेत.

"त्याला सुधारायचंच नाहीये" असं आपण पारावर बसून म्हणून टाकतो. समितीतल्या बायका घरोघर बोलल्या तेव्हा वेगळंच ऐकू आलं. आंब्याच्या हंगामात बागेतली मजुरी बुडाली तर घर कसं चालणार? खलाशाला बोटीवर परत घेतील का? मनोरुग्णालयात नाव लागलं तर पोरीच्या लग्नात कोणी ते काढणार नाही ना? "याला रत्नागिरीला पाठवा" ही आपल्याकडची जुनी चेष्टा. त्याच रत्नागिरीत सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे. चेष्टेच्या धाकाने तिकडे जाववत नाही, खासगी परवडत नाही, मग माणूस घरीच राहतो.

घरच्या घरी सोडायचा प्रयत्न होतो, नाही असं नाही. श्रावण पाळतात, गणपतीत बंद ठेवतात, कोणी माळ घालतो. ज्याची सवय अजून वरवरची आहे त्याला ते जमतंही. पण सकाळी हात थरथरतात म्हणून उठल्या उठल्या घोट घेणाऱ्याने एकदम बंद केली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. पहिल्या दिवशी घाम, कंप, उलट्या. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, दिवस की रात्र ते कळत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. मग देवस्की, कौल, उतारा, आणि यात जे तास जातात तेच मोलाचे असतात. दारूला सरावलेला मेंदू दारू अचानक तुटल्याने असा बिथरतो. दवाखान्यात गोळ्या, सलाईन आणि बी-1 जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन हे दिवस सुखरूप काढता येतात. कौल लावायला आमची हरकत नाही. गाडी आधी दवाखान्याकडे वळवा, एवढंच.

आणखी एक. नवऱ्याच्या चहात गुपचूप गोळी किंवा पावडर घालू नका, ती कोणीही आणून दिलेली असो. डायसल्फिरम नावाचं औषध पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर ते रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच देतात.

दाखल होण्याची वेळ आली तर मुक्काम किती, हा पहिला प्रश्न. पुण्याच्या मुक्तांगणचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मोठा हातभार लावला. तिथला उपचार 35 दिवसांचा. हातावर पोट असलेल्या घरात 35 दिवस मजुरी नाही म्हणजे काय, हे मुंबईच्या खोलीत महिना ओढलेल्या चाकरमान्याला समजावून सांगायला नको. म्हणून निधी प्रामुख्याने तिथे जाईल: त्या काळातला घरचा शिधा, मुलांची फी, येण्याजाण्याचं भाडं आणि नंतरच्या तपासण्यांच्या फेऱ्या. रोख रक्कम रुग्णाच्या हातात देणार नाही. दुकानदाराचं आणि संस्थेचं बिल समिती परस्पर भागवेल.

पोलिसांची भीती गांजा किंवा गर्द घेणाऱ्या पोरांच्या आईबापांना जास्त आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच, कलम 64-अ मध्ये, सोय आहे: सेवन केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाण जवळ सापडल्याबद्दल गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात जाऊन उपचार पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार धरलेले आहेत आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

"उपचार घेऊन परत प्यायला तर आमचे पैसे बुडाले की!" असं एका बैठकीत कोणी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर गोड नाही. पुन्हा घसरण्याचं प्रमाण या आजारात बरंच आहे. गणपतीत मोदक खाऊन साखर वाढली म्हणून कोणी मधुमेह्याचं इन्सुलिन बंद करत नाही, तसं समितीही दुसऱ्यांदा जाणाऱ्याला मदत करेल. हे पटत नसेल त्यांनी वर्गणी नाही दिली तरी आमचा राग नाही.

पैशापेक्षा अवघड मागणं आता. प्रत्येक वाडीतून एक पुरुष आणि एक बाई सोबत जायला हवी. पहिल्या एसटीने निघायचं, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, परत आल्यावर तोंड बंद ठेवायचं. ज्याच्या पोटात गोष्ट राहत नाही त्याने कृपया नाव देऊ नये. दारू सोडलेल्या माणसाने नाव दिलं तर फारच बरं, त्याच्यासमोर समोरचा लवकर बोलता होतो. चाकरमान्यांना वेगळी विनंती: गणपतीला येताना मित्रांसाठी बॅगेतून बाटल्या आणायची रीत या वर्षी मोडा.

माणूस तयार नसेल तर घरच्यांनी थांबून राहू नये. बायकोने, आईने एकटीने जाऊनही सल्ला घेता येतो. अल्-अॅनॉनच्या सभा घरच्यांसाठीच असतात, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या पिणाऱ्यांसाठी. दोन्हीकडे फी नाही. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा 14416, दोन्ही सरकारी आणि मोफत.

देणगी ग्रामपंचायत कार्यालयात किंवा समितीच्या बँक खात्यात द्यावी, तपशील कार्यालयाच्या फलकावर लावला आहे. पावती मिळेल. जमाखर्च ग्रामसभेत वाचला जाईल, रुग्णांची नावं वगळून. ती फक्त सोबत गेलेल्याला आणि खजिनदाराला ठाऊक असतील. तांदूळ, डाळ, वह्या अशा वस्तूही चालतील. सोबत जाणाऱ्यांनी आपली नावं अंगणवाडी ताईंकडे किंवा आशाताईंकडे द्यावीत, म्हणजे गणपतीच्या आधी सगळ्यांना एकदा आरोग्य केंद्रात डॉक्टरांसमोर बसवता येईल.

आपले नम्र,
व्यसनमुक्ती समिती, ग्रामपंचायत व महिला ग्रामसंघ