सुरतची नोटरी इथे चालते, पण कशाला?

संपादक महोदय,

सुरतच्या उधना-लिंबायत भागात खान्देशातली घरेच्या घरे राहायला गेली आहेत. वारसनोंदीचे प्रतिज्ञापत्र तिकडे नोटरी करून इकडे पाठवणे त्यामुळे नेहमीचेच. ‘नोटरी बाहेरच्या राज्याची आहे’ एवढ्याच कारणावरून इथल्या कार्यालयांनी ते परत करणे चूक आहे. नोटरी कायदा 1952 चा आणि केंद्राचा. प्रमाणपत्रातले क्षेत्र ठरवते ते नोटरीने कुठे काम करायचे एवढेच. कागदाला ती हद्द नाही. नवापूर स्टेशन निम्मे महाराष्ट्रात, निम्मे गुजरातेत. फलाटावर चार पावले टाकली म्हणून शिक्का पुसला जात नाही. सुरतच्या नोटरीने शहाद्यात येऊन सह्या घेतल्या, तर मात्र आक्षेप रास्त.

टेबलावर तपासायचे ते असे: 5 सेंटिमीटर व्यासाचा साधा गोल शिक्का, त्यात नोटरीचे नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणाऱ्या सरकारचे नाव, शिवाय तारीख व रजिस्टरचा अनुक्रमांक. अनुक्रमांकाची जागा कोरी असेल तर जरूर हटकावे.

खरी फसगत हक्कसोडीत, म्हणजे वारसाने जमिनीतला आपला वाटा सोडून देण्यात, होते. बहिणीची सही नोटरीपुढे घेऊन कागद थेट तलाठ्याकडे नेतात. तो जळगावच्या नोटरीचा असला तरी फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या नोंदीतले नाव बदलायला, उपयोगी नाही. शेतजमिनीतला हक्क सोडायचा तर नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे दस्त नोंदवावाच लागतो, आणि तोही इकडच्या, महाराष्ट्रातल्या दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे). बहिणीला येणे जमत नसेल तर मुखत्यारपत्र करून दुसऱ्याला तिच्या वतीने अधिकार देतात, आणि तिथे दुसरी ठेच लागते. भारतात राहणाऱ्याच्या वतीने दस्त हजर करायचा, तर कलम 33 प्रमाणे मुखत्यारपत्र तिच्या राहत्या भागातल्या निबंधकाने प्रमाणित केलेले लागते. नोटरीचे चालते ते भारताबाहेर राहणाऱ्याचे. म्हणजे दुबईतल्या भावाला जी सोय, ती उधन्याच्या बहिणीला नाही! ती अंथरुणाला खिळलेली असेल तर निबंधक घरी येऊन सही घेऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

राहिला मुद्रांक. तिकडून आलेल्या मुखत्यारपत्रावर महाराष्ट्राच्या दराने शुल्क लागते. तिकडे भरलेले वजा होते. फरक भरायला कागद इथे पोचल्यापासून तीन महिने मिळतात. चुकल्यास फरकावर दरमहा 2 टक्के दंड, आणि तो भरेपर्यंत कागद कोर्टात पुरावा म्हणून घेतला जात नाही. म्हणून कुरिअरचे पाकीट फेकू नये. पोचल्याची तारीख दाखवायला बहुतेकदा तेवढेच हाती असते.

— एक वकील, अमळनेर