सूचना : साथीच्या काळातील संवादाचा सराव

सर्व परिचारिका सभासदांना कळविण्यात येते की, येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता, सकाळची पाळी सुटल्यावर, आपल्या नेहमीच्या बैठकीच्या जागी संवादाचा सराव घेण्यात येईल. नव्याने रुजू झालेल्यांनी अवश्य यावे.

९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले करोनाबाधित रुग्ण पुण्यात आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात दाखल करण्यात आले; त्यानंतरच्या काळात नातेवाइकांना वॉर्डात प्रवेश नसल्याने रुग्णाची खबर घरी पोहोचवण्याचे काम बहुतांशी आपल्याच वाट्याला आले, आणि ते शिकवणारे मात्र कोणी नव्हते. मास्क व फेसशील्डमुळे आवाज दबतो, चेहराही दिसत नाही, म्हणून समोर उभे राहून, आधी नाव सांगून, एका वेळी एकच गोष्ट बोलावी आणि रुग्णाला ती कळली का, हे त्याच्याच शब्दांत ऐकून घ्यावे. पीपीई किटवर छातीशी मार्करने ठळक नाव लिहिले तरी घाबरलेल्या माणसाला धीर येतो.

फोनवर वाईट बातमी देण्याचा सराव जोडीने होईल. तसेच रात्रपाळीत डॉक्टरांना फोन करताना सद्यःस्थिती, पूर्वेतिहास, आपले निरीक्षण आणि आपली विनंती या क्रमाने बोलण्याची ‘एसबार’ पद्धत करून पाहू. ऑक्सिजन ९४ वरून ८८ वर आला असताना संकोचाने गप्प राहणे रुग्णाला महागात पडते, त्यामुळे ज्येष्ठांनी या भागासाठी आवर्जून थांबावे, ही विनंती.

शनिवारी दुपारपाळी असणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत सचिवांना कळवावे. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठरवली जाईल.