रस्त्यापलीकडच्या आजोबांना, वाफेबद्दल

तीर्थस्वरूप आजोबांना साष्टांग नमस्कार,

हा मायना शाळेत पत्रलेखनाच्या पाच मार्कांसाठी पाठ केला होता. खऱ्या माणसाला आज पहिल्यांदा लिहितेय. तोंडावर मी तुम्हाला नावानं हाक मारते, कारण तुमच्या अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसालाही नावानंच बोलावतात आणि तुम्हाला दुसरं काही चालत नाही. आमच्या घरात मात्र तुम्ही 'रस्त्यापलीकडचे आजोबा' आहात. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ते एका परीनं बरंच आहे. इंग्रजीत आभार मानायला गेलं की तुम्ही विषय हवामानावर नेता, आणि व्हरमाँटमधल्या मार्च महिन्यात हवामान हा विषय संपतच नाही.

माझ्या माणसांना मात्र कळायला हवं, म्हणून जरा मागून सांगते.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा मागे दीडशे मेपलची झाडं आणि एक जुनं शुगरहाऊस आलं. शुगरहाऊस म्हणजे इथलं गुऱ्हाळच. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, रात्री गोठणारी आणि दिवसा वितळणारी थंडी असते, तेवढ्याच दिवसांत झाडाला भोक पाडून रस काढायचा आणि आटवायचा. मी कोल्हापूरकडची. माझ्या बाबांची उभी हयात काहिलीपुढे गेली. रस आटवणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, असं मला वाटलं. इथूनच सगळं बिघडायला लागलं.

उसाच्या रसात पंधरा-वीस टक्के तरी साखर असते. मेपलचा रस म्हणजे नुसतं पाणी हो, चाखला तर गोड आहे की भास होतोय ते कळत नाही. साखर जेमतेम दोन टक्के. चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक हातात येतो, बाकी सगळं हवेत. एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सतराशे लिटर जागा खाते. आमची काहील, म्हणजे इथला इव्हॅपोरेटर, दोन बाय सहा फुटांचा. चांगला जाळ लागला की तासाला नव्वदेक लिटर पाणी उडवतो. आता करा हिशेब. मी केला नव्हता. मी फक्त पाकाचा केला होता.

पहिल्या वर्षी आम्ही छप्पर दुरुस्त करून घेतलं. ठेकेदार आला, त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढचं सगळं माझ्या नवऱ्याशी बोलला. माझा नवरा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि त्याला मेपल आणि ओक यांतला फरक पानं असतानाच कळतो, पानं गळल्यावर नाही. पण दाढी त्याला, त्यामुळे प्रश्नही त्याला. "ही इमारत गळकी आहे," ठेकेदार म्हणाला. छपराच्या आढ्यावर आणखी एक छोटं छप्पर होतं, दोन्ही बाजूंना दोरीनं उघडायच्या झडपा असलेलं. बर्फ आत येतो म्हणून त्यानं त्या झडपा खिळे मारून बंद केल्या. भिंतीच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी होत्या, त्या फोमनं बुजवल्या. इमारत कशी उबदार, डब्यासारखी घट्ट झाली. आम्हीही खूश झालो, खोटं कशाला बोलू.

मग पहिली काहील लागली आणि अर्ध्या तासात मला माझा स्वतःचा हात दिसेना. वाफ वर जायची, नव्या पत्र्याला लागून थंड व्हायची आणि थेंब थेंब पुन्हा काहिलीतच पडायची, पत्र्याची सगळी धूळ घेऊन. त्या पाकाला डब्याच्या झाकणाची चव होती. सगळा ओतून दिला. चाळीसला एक या हिशेबानं, ओतून देताना काय वाटलं असेल ते गुऱ्हाळवाल्यांना सांगायला नको.

मग पंखेवाला. फोनवर त्यानं इमारतीची लांबी-रुंदी विचारायच्या आधी कार्डाचा नंबर विचारला. भिंतीत मोठा पंखा बसला. आठवड्याभरात विषारी वायूचा भोंगा वाजायला लागला, कारण पंखा हवा बाहेर फेकत होता आणि घट्ट बंद खोलीत नवी हवा यायला वाट एकच उरली होती, आमच्या चुलवाणाचं धुराडं. जो धूर वर जायचा तो उलटा आत यायला लागला. फोन केला तर पंखेवाला म्हणाला, अजून मोठा पंखा घ्या. मी खरंच घेणार होते, आजोबा. पैसे बाजूला काढून ठेवले होते.

त्या रात्री तुम्ही का आलात ते तुम्ही नंतर सांगितलंत. इथे कुणाच्या छपरावर वाफेचा खांब दिसला की शेजारीपाजारी आपोआप येतात, बोलावणं लागत नाही. तुम्हाला आमच्या शुगरहाऊसमध्ये दिवा दिसत होता, धुराड्यातून ठिणग्या दिसत होत्या आणि छपरावर वाफ मात्र काहीच नव्हती. ती दारातून, खालून, सरपटत बाहेर येत होती. "उलटं दिसत होतं," एवढंच म्हणालात.

मला वाटलं, आता हाही सांगणार. त्या दोन वर्षांत मला एवढ्या जणांनी एवढं सांगितलं होतं. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. एक बादली पालथी घातलीत, तिच्यावर बसलात, बराच वेळ छपराकडे बघत राहिलात आणि मग विचारलंत, "तुझे वडील ऊस उकळायचे ना? त्यांच्याकडे वाफ कुठून जायची?"

हे तुमच्या लक्षात होतं. आदल्या वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी, टाऊन मीटिंगच्या, म्हणजे इथल्या गावसभेच्या जेवणात, सूप घेता घेता मी एकदाच म्हणाले होते की माझे बाबा उसाचा गूळ करायचे. तेव्हा तुम्ही "हं" म्हणाला होतात. तुमचं "हं" म्हणजे ऐकलं की नाही ते कधी कळत नाही.

मला उत्तर देता येईना. कधी विचारच केला नव्हता. गुऱ्हाळात वाफ असते, बस, जसा देवळात घंटेचा आवाज असतो. म्हणून मी फोन लावला. इथे रात्रीचे सव्वानऊ, म्हणजे बाबांकडे सकाळचे पावणेसात. बाबा चहा घेत ओसरीवर बसले होते, अंगात बंडी, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, बाबा, शेजारचे आले आहेत, त्यांना काहीतरी विचारायचंय, आणि फोन तुमच्याकडे वळवला.

तुम्ही बादलीवरून उठलात. वेळ लागला, गुडघ्याला हात लावावा लागला, पण उठलात. डोक्यावरची लोकरी टोपी काढलीत, ती सरपणाच्या ढिगावर ठेवलीत, केसांवरून एकदा हात फिरवलात आणि मग पडद्याकडे बघून म्हणालात, "गुड मॉर्निंग, सर."

सकाळ. तिकडे सकाळ आहे हेही तुमच्या ध्यानात होतं.

आजोबा, तुम्हाला ही गोष्ट काहीच वाटली नसणार. मला सांगू द्या. पीककर्जाच्या कागदासाठी बाबा टोपी हातात धरून टेबलापुढे उभे आहेत आणि खुर्चीतला माणूस मान वर करत नाही, हे बघत मी मोठी झाले. टोपी काढायचं काम नेहमी बाबांचंच. त्यांच्यासाठी कुणी टोपी काढलेली मी पाहिली नव्हती, आणि ती पाहिली ती आठ हजार मैलांवर, वाफेनं भरलेल्या खोपटात, भाषेतला एकही शब्द समान नसलेल्या माणसाकडून. वाफ होती म्हणून बरं. माझ्या तोंडावर काय चाललंय ते कुणाला दिसलं नाही.

बाबांना मी फोन फिरवून भिंती, छप्पर, काहील सगळं दाखवलं. त्यांनी कप खाली ठेवला. "अगं, ही भिताडं कुणी घातली?" म्हणाले. "वाफंला जायाला वाट नंतर बघ, आदी वारं यायाला वाट ठेवलीस का?" मग फोन घेऊन चालत गेले आणि आमचं गुऱ्हाळ दाखवलं. चार खांब, वर पत्रा, आढ्याला मोकळी जागा, खाली चारी बाजू उघड्या. भिंत म्हणून नाही. लहानपणी मी तिथे हजार वेळा गेले असेन.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर तुम्ही हात वर केलात. "कळलं," म्हणालात. आणि दोघं हसायला लागलात, एक इकडे, एक तिकडे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते करायला तुम्हाला दोन शनिवार लागले आणि तुम्ही त्याबद्दल बोलू देत नाही. पंखा काढला. आढ्यावरच्या झडपांचे खिळे उपटले. ते छोटं छप्पर बांधणाऱ्यानं काहिलीइतकं लांब आणि बरोबर तिच्या डोक्यावर ठेवलं होतं, हे तुम्ही दाखवल्यावर मला दिसलं. दोन्ही भिंतींची तळाची एकेक फळी बिजागरीवर घेतली. चुलवाणाला बाहेरून स्वतःची हवा आणणारा पाइप दिला, म्हणजे जाळानं आणि वाफेनं एकमेकांचं ओढायला नको. वाफ हवेपेक्षा हलकी असतेच, तिला वर जा म्हणून सांगावं लागत नाही. खालून थंड हवा आत आली की ती उठून चालायला लागते. वारा ज्या बाजूचा, त्या बाजूची झडप बंद ठेवायची. एवढंच. फळ्यांमधल्या त्या बोटभर फटी गळती नव्हतीच, ज्यानं ठेवल्या त्यानं विचार करून ठेवल्या होत्या, आणि आम्ही पैसे देऊन त्या बुजवून घेतल्या.

पैशांचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, पहिल्या चांगल्या पाकाचा एक डबा दे. दिला. तो तुम्ही उघडून तिथेच आणखी आटवलात, गरम गरम ताज्या बर्फावर ओतलात, चिकट तार झाली ती काट्याला गुंडाळून खाल्लीत आणि सोबत आंबट काकडीचं लोणचं मागितलंत. पाक, बर्फ आणि लोणचं! तुमच्याकडची ही पद्धत ऐकून बाबा म्हणाले, म्हातारा चवीचा दिसतोय. आमच्याकडेही गुऱ्हाळावरून जाणाऱ्याला कुणी रिकाम्या हातानं जाऊ देत नाही. रस घ्या, काकवी घ्या, गरम गुळाचा गोळा घ्या. कोण, कुठला, कशाला आला, हे नंतर. मला वाटायचं हा आमच्या पंचगंगेच्या पाण्याचा गुण. तसं नसावं. जिथे माणसं रात्रभर जाळापुढे बसून पाण्यातून गोड काढतात तिथे चिकटपणा सगळा काहिलीत उतरत असेल, माणसात उरत नसेल. अर्थात ठेकेदारही इथलाच, तेव्हा हा सिद्धांत मी फार ताणत नाही.

त्या ठेकेदाराला मी मनातल्या मनात बरीच पत्रं लिहिली आहेत. तोंडभर. पण खरं सांगायचं तर त्याच्यावरचा राग आता छपराचा नाही. चाळीस वर्षं काहील लावणाऱ्या माणसाची मुलगी त्याच्यासमोर उभी होती आणि त्यानं तिला एकही प्रश्न विचारला नाही. पंखेवाल्याचंही तेच. आणि माझंही तेच, मी तरी बाबांना कुठे विचारलं होतं? अमेरिकेतल्या यंत्राबद्दल बाबांना काय कळणार, असं मलाही वाटलंच होतं ना. विचारलंत ते तुम्ही.

यंदा पहिली काहील लागली त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जाऊन मी मागे वळून पाहिलं. छपरावरून पांढरा खांब सरळ वर गेला होता. तुमच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. बाबांना फोटो पाठवला, तर त्यांचं उत्तर आलं, "वाफ बरी हाय. म्हातारा बरा हाय न्हवं?" आता दर रविवारी हेच विचारतात. माझी चौकशी दुसऱ्या नंबरावर गेली आहे.

तुमची,
रस्त्यापलीकडची

ता. क. : त्या रात्री तुम्ही टोपी सरपणाच्या ढिगावर विसरून, उघड्या डोक्यानं, उणे सहा तापमानात घरी चालत गेलात. ती दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. दोनदा परत द्यायला निघाले आणि दोनदा फाटकातून मागे फिरले. तुमच्याकडे दुसरी आहे हे मी पाहिलंय, त्यामुळे ही आता मिळणार नाही.