रानपिंगळ्याचा माग संग्रहालयातून लागला

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

छायाचित्रे आणि जनुकीय चाचण्या हाताशी असताना मेलेले पक्षी आणि बरण्यांतले साप जपण्यावर पैसा कशाला घालवायचा, असा सूर आता विज्ञान शाखेच्या शिक्षकांमध्येही ऐकू येतो. प्राणिसंग्रह म्हणजे शाळेच्या सहलींना दाखवायची शोभेची वस्तू, असा समज त्यामागे आहे. तो किती चुकीचा आहे, हे आमच्या खानदेशातल्या रानपिंगळ्याच्या प्रकरणावरून कळते. त्याची पुरेशी वाच्यता मराठीत झालेली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या छोट्या घुबडाची नोंद १८७३ मध्ये केली. पुढच्या दशकभरात त्याचे मोजके नमुने गोळा झाले आणि त्यांतले काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात मिळवले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. नोंदींत अपवाद होता तो एकाच नमुन्याचा. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने तो गुजरातेत मांडवी येथे १९१४ मध्ये मिळवल्याचे चिठ्ठीवर लिहिले होते. या चिठ्ठीवर विसंबल्यास पक्ष्याचे शेवटचे ठिकाण मांडवी ठरत होते.

संग्रहातल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने बांधलेली अशी चिठ्ठी बोटभर लांबीची असते आणि तिच्यावर गाव, तारीख व गोळा करणाऱ्याचे नाव एवढेच लिहिलेले असते. नमुन्याचे सारे मोल त्या दोन-तीन ओळींवर अवलंबून असते. पामेला रासमुसेन आणि नायजेल कोलर या पक्षीशास्त्रज्ञांनी इंग्लंडमधील ट्रिंग येथील संग्रहालयात हा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा त्याचे कातडे आधी एकदा शिवलेले असून ते उसवून पुन्हा भरल्याचे दिसले, आणि मूळ भरणीच्या ज्या खुणा उरल्या होत्या त्या डेव्हिडसनच्या हातच्या होत्या. म्हणजे माइनर्ट्झहागेन यांनी संग्रहालयातलाच पक्षी चोरून, त्याला नवी चिठ्ठी बांधून तो स्वतःचा म्हणून मिरवला होता. (या गृहस्थांवर संग्रहालयाला संशय आधीपासूनच होता आणि काही काळ त्यांना पक्षीविभागात प्रवेशबंदीही होती, हे विशेष.)

मांडवी यादीतून गळाल्यावर खात्रीची जुनी ठिकाणे तेवढी उरली. जुन्या कातड्यांवरून रानपिंगळा नेहमीच्या पिंगळ्यापासून कसा ओळखायचा, हेही रासमुसेन यांनी पक्के केले होते: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पाय आणि नख्या दणकट. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट खानदेशातल्याच शहाद्याजवळच्या जंगलात फिरत असताना ११३ वर्षांनी हा पक्षी दिवसाउजेडी नजरेस पडला. त्यानंतर तो तोरणमाळ, मेळघाट आणि मुंबईजवळच्या तानसा परिसरातही आढळला. कपाटातले काम आधी झाले नसते, तर दुर्बिणी घेऊन आणखी किती जण चुकीच्या रानात भटकले असते, कोण जाणे.

नामशेष प्राण्यांबाबत तर संग्रहाखेरीज दुसरा पुरावाच नसतो. झेब्र्याचा भाऊबंद असलेला दक्षिण आफ्रिकेतला क्वागा १८८३ मध्ये संपला. जर्मनीतल्या एका संग्रहालयातील क्वागाच्या कातड्याला चिकटलेल्या वाळक्या मांसातून १९८४ मध्ये डीएनए मिळवण्यात आला आणि तो झेब्र्याचा अगदी जवळचा नातलग ठरला. नामशेष प्राण्याचा डीएनए वाचण्याची ती पहिलीच वेळ. डीडीटीमुळे ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ झाली, हे ब्रिटनमध्ये सिद्ध झाले तेही जुन्या संग्रहांतली अंडी ताज्या अंड्यांशी ताडून पाहिल्यामुळे. ती अंडी जमवणाऱ्यांच्या स्वप्नातही डीडीटी नव्हते.

मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे लाखाच्या वर नमुने आहेत आणि ते जपले जातात. चिंता आहे ती लहान संग्रहांची. अनेक महाविद्यालयांत फॉर्मालिन उडून गेलेल्या बरण्या आणि वाळवी लागलेली कपाटे मी पाहिली आहेत. इमारतीचे नूतनीकरण निघाले की चिठ्ठ्या न वाचताच तो ‘कचरा’ बाहेर पडतो. आगीची भीती वेगळीच: दिल्लीचे राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २०१६ मध्ये आणि ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडले.

उच्च शिक्षण विभागाने किमान एवढे करावे, की कोणत्याही महाविद्यालयाने प्राणिसंग्रह मोडीत काढण्यापूर्वी प्रत्येक चिठ्ठीचे छायाचित्र व नोंद करणे बंधनकारक ठरवावे आणि ठिकाण व तारीख असलेले नमुने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्राला किंवा वरील सोसायटीला आधी देऊ करावेत. या कामाला मोठा निधी लागत नाही; नमुना वाचता येणारा माणूस मात्र लागतो, आणि वर्गीकरणशास्त्राच्या रिक्त जागा भरल्याखेरीज तो कुठून मिळणार?

आपला,
एक निवृत्त प्राणिशास्त्र अध्यापक, धुळे